नोटेवर कन्नड वर, मराठी खाली: खुलासा

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या ग्रुपांवर 100 रुपयांच्या नोटेचा फोटो फिरतो आहे. मागच्या बाजूच्या भाषापट्टीत कन्नड चौथी, मराठी आठवी. हा सीमाभागातल्या मराठीचा मुद्दाम केलेला अपमान, असा त्याखाली मजकूर. क्रमांक बरोबर आहेत. अर्थ चुकीचा आहे.

पट्टीतल्या 15 भाषा त्यांच्या इंग्रजी नावांच्या वर्णक्रमाने लावलेल्या आहेत: आसामी, बंगाली, गुजराती, कन्नड, काश्मिरी, कोंकणी, मल्याळम, मराठी, नेपाळी, ओडिया, पंजाबी, संस्कृत, तमिळ, तेलुगू, उर्दू. 'के' अक्षर 'एम'च्या आधी येतं, एवढंच. उर्दू शेवटी आहे तीही याच कारणाने. हिंदी पट्टीत शोधू नका; ती इंग्रजीसोबत नोटेवर मोठ्या अक्षरांत असते.

स्वतः मोजताना एक चूक हमखास होते. सहावी ओळ देवनागरीत दिसली की लोक तीच मराठी समजतात. ती कोंकणी आहे. मराठी, नेपाळी आणि संस्कृतही देवनागरीतच, म्हणून लिपीवर न जाता वरून एकेक ओळ मोजा. अक्षरं बारीक असतात, भिंग घ्या.

संग्राहकांना मात्र ही पट्टी खरोखर उपयोगी आहे. 1996 च्या महात्मा गांधी मालिकेआधीच्या अनेक नोटांवर 13 च ओळी आहेत. कोंकणी, नेपाळी नाहीत, त्यामुळे मराठी सातवी. कोंकणी आणि नेपाळी 1992 साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत, आल्या. 'कन्नड वर असलेली नोट' दुर्मिळ म्हणून कुणी विकत असेल, तर जादा पैसे देऊ नका. खिशातली प्रत्येक नोट तशीच आहे.