दादाची एक गोळी, माझ्या दोन

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एक बातमी आली. रोज अ‍ॅस्पिरिन घेऊ नका, अमेरिकेतले तज्ज्ञ सांगतात. खाली दादाने लिहिलं, ‘मी चार दिवसांपासून बंदच केलीय.’ दादाची बायपास तीन वर्षांपूर्वी झाली, माझी दीड वर्षापूर्वी, इथे परदेशात. आम्हा भावांत या आजाराची वाटणी करावी लागली नाही, दोघांना पुरून उरला.

फोन केला तर म्हणाला, “अरे, तुमच्याकडचेच डॉक्टर म्हणतायत ना?” ‘तुमच्याकडचे’ म्हणत त्याने अमेरिका, युरोप आणि मला एकाच पिशवीत भरलं होतं. बातमी खोटी नव्हती. साठी गाठलेल्यांनी नव्याने रोजची अ‍ॅस्पिरिन सुरू करू नये, असा सल्ला अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने २०२२ मध्ये दिला होता. त्याआधी २०१८ मध्ये १९ हजारांहून जास्त ज्येष्ठांवरच्या ‘अ‍ॅस्प्री’ चाचणीत फायदा दिसला नाही, रक्तस्राव मात्र वाढला. पण हे सगळं हृदयविकार कधी झालाच नाही अशा माणसांबद्दल होतं. पायातली नस काढून हृदयावर शिवलेल्या माणसाचा त्यात संबंधच नव्हता. एवढं सगळं मथळ्यात मावत नाही.

अ‍ॅस्पिरिनचं ‘रक्त पातळ करायची गोळी’ हे नावही मला खटकतं. रक्त पातळ वगैरे काही होत नाही. प्लेटलेट, म्हणजे रक्ताची गुठळी करणाऱ्या पेशी, एकमेकींना सहजासहजी चिकटत नाहीत, एवढंच. पायातली नस मुळात कमी दाबाची. काढताना, हाताळताना तिचं आतलं अस्तर दुखावतं आणि शिवून झाल्या क्षणी तिच्यातून धमनीच्या दाबाने रक्त धावायला लागतं. अशा अस्तरावर प्लेटलेट टपूनच बसलेल्या असतात. म्हणून रक्तस्राव आटोक्यात असेल तर ऑपरेशननंतर सहा तासांच्या आत अ‍ॅस्पिरिन सुरू करतात. २००२ साली ५,०६५ रुग्णांचा एक अभ्यास आला होता. पहिल्या ४८ तासांत गोळी मिळालेल्यांपैकी १.३ टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी ४ टक्के. (हा नुसत्या निरीक्षणाचा अभ्यास, त्यामुळे सगळं श्रेय गोळीला देता येणार नाही.) प्लेटलेटला केंद्रक नसतं. अ‍ॅस्पिरिनने तिचं एन्झाइम एकदा बंद पाडलं की तिला नवं तयार करता येत नाही, सात ते दहा दिवसांचं आयुष्य ती तशीच काढते. पण रोज नव्या प्लेटलेट येतच असतात. चार दिवसांत दादाच्या रक्तात ताज्या दमाच्या बऱ्याच जमल्या असणार.

घरच्यांचा दुसरा वाद याच्या बरोबर उलटा. मला इथे अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला टिकाग्रेलॉर, म्हणजे प्लेटलेट रोखणारी दुसरी गोळी, दिली होती, बारा महिने. दादाला फक्त अ‍ॅस्पिरिन. ताईचं म्हणणं, “बघ, तिकडे दोन देतात. आपले लोक मागेच.” हे ऐकून मी कधी गप्प बसायचो, कधी नकळत थोडा फुशारायचोही. खरं कारण साधं होतं. माझी बायपास हार्ट अटॅकनंतरची, दादाची आधीच ठरवून केलेली. अटॅकवाल्यांना वर्षभर दोन गोळ्या द्याव्यात असं मार्गदर्शक सूचना सांगत होत्या. त्याला थोडा आधारही होता. २०१८ च्या एका चिनी चाचणीत वर्षभराने पायातल्या नसांपैकी दोन गोळ्यांवर ८८.७ टक्के न तुंबता चालू राहिल्या, नुसत्या अ‍ॅस्पिरिनवर ७६.५ टक्के.

मग २०२५ मध्ये ‘टॅक्सी’ चाचणीचे निकाल आले. नॉर्डिक देशांतले २,२०१ रुग्ण, सगळे माझ्यासारखेच, अटॅक किंवा तशाच तातडीच्या दुखण्यानंतर बायपास झालेले. वर्षभरात मृत्यू, अटॅक, पक्षाघात किंवा पुन्हा करावी लागलेली प्रक्रिया, यांत दोन गोळ्यांनी फरक पडला नाही. मोठा रक्तस्राव मात्र दुपटीहून जास्त. ते वाचताना मला दाढी करतानाचे दिवस आठवले. जरा ब्लेड लागलं की गालाला टिश्यूचा तुकडा चिकटवून अर्धा तास घरात फिरायचो. दाराच्या कडेला हात घासला तरी जांभळा डाग पडायचा. ताईला अजून सांगितलेलं नाही.

इथल्या व्यवस्थेचं एक मला मनापासून आवडतं. डिस्चार्जच्या कागदावर प्रत्येक गोळीपुढे ती कशासाठी आणि कधीपर्यंत, हे लिहिलं होतं. टिकाग्रेलॉरपुढे थांबवायची तारीख, अ‍ॅस्पिरिनपुढे ‘आयुष्यभर’. दादाच्या फाइलमध्ये अ‍ॅस्पिरिनपुढे नुसतं ‘चालू ठेवा’. हे दोन शब्द एका फॉरवर्डपुढे टिकले नाहीत याचं मला नवल वाटत नाही. पण कागदाचं कौतुक मी जपूनच करतो. थांबवायची तारीख उलटून गेली तरी मी दोन महिने दुसरी गोळी घेतच होतो. आठवण करून द्यायला कोणाचा फोन आला नाही. घरी डबी तपासणारं कोणी नाही. दादाची डबी वहिनी रोज रात्री उघडून बघते. तो गोळी घेत नाहीये हे तिनेच ओळखलं आणि ग्रुपवर मला टॅग केलं.

मी दादाला म्हटलं, “माझं ऐकू नकोस, तुझ्या सर्जनना विचार.” रात्रीचे साडेनऊ वाजले होते. त्याने तिथल्या तिथे फोन लावला, तिसऱ्या रिंगला त्यांनी उचलला. दोन मिनिटं बोलणं झालं आणि दादाने गोळी घेतली.

माझ्याकडे माझ्या सर्जनचा नंबर नाही.