चमकू देऊ नका

जुनी गाडी मूळ रूपात आणायला घेतली की लोक इंजिनाची चौकशी करतात, रंगाची करतात, सीटच्या कापडाचीसुद्धा करतात. बोल्टांची कोणी करत नाही. तो प्रांत आमच्यासारख्या मोजक्या पछाडलेल्यांचा. दुसऱ्याने बॉनेट उघडलं की आम्ही इंजिन बघतच नाही. बिजागरीचे बोल्ट बघतो आणि नुसतं "हं" म्हणतो. त्या "हं"मध्ये जेवढी बदनामी मावते तेवढी चार ओळींच्या शिवीत मावायची नाही.

उघडं लोखंड गंजतं, म्हणून कारखाने बोल्टांवर काहीतरी चढवायचे. काय चढवायचे, तिथे सगळी मेख आहे. साधं झिंक असेल तर पांढरट, किंचित निळी झाक. पिवळं झिंक असेल तर सोनेरी, आणि तिरकं धरलं की त्यात गुलाबी-हिरवे तवंग. कॅडमियम म्हणजे मंद, अबोल रुपेरी. फॉस्फेट म्हणजे काळा-करडा खरखरीतपणा, ज्याला तेल पाजलं नाही तर आठवड्यात तांबेरा. हे सगळे एकाच बॉनेटखाली गुण्यागोविंदाने नांदत असतात. ते सरसकट एकाच डब्यात घालून एकाच रंगाचे करून आणले की इंजिनाला नवी कवळी बसवल्यासारखं दिसतं.

प्लेटिंगवाल्याला, म्हणजे हे थर चढवून देणाऱ्याला, हे समजावणं हा वेगळाच अध्याय.

"साहेब, एकदम चकाचक करून देतो."

"चकाचक नको. जरा मळकट पिवळा पाहिजे."

"मळका?"

"मळका नाही. मळकट."

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "साहेब, आम्ही साफ करायचे पैसे घेतो. मळवायचे वेगळे पडतील."

खरं तर चूक त्याची नाही. जुन्या पिवळ्याची ती तवंगी झाक सहा संयुजेच्या क्रोमियममुळे यायची. ते कर्करोगाला निमंत्रण देणारं रसायन. युरोपीय संघाने २००७ पासून नव्या गाड्यांच्या भागांवर त्याला बंदी घातली. आताचा पिवळा बऱ्याचदा वरून रंग देऊन आणलेला असतो. शिस्तीतला, एकसारखा, शाळेच्या गणवेशात शोभेल असा. कॅडमियमही विषारी, त्यामुळे ते करून देणारा शोधायचा म्हणजे कुजबुजत्या आवाजात चौकशा कराव्या लागतात. आपण बोल्टच विचारतोय ना, असं स्वतःलाच वाटायला लागतं.

बारीक माल पिंपात घालून फिरवत प्लेट करतात. पिंपातून आपलं सगळं परत येतं हा भोळा समज आहे. म्हणून देण्याआधी प्रत्येक वस्तू कागदावर मांडून फोटो काढायचा आणि वजन करायचं. माझ्या पुडक्यातून डॅशबोर्डचे दोन स्क्रू गायब झाले आणि त्यांच्या बदल्यात कुणाच्या तरी फाटकाची कडी आली. कडी मात्र अगदी हवी तशी मळकट पिवळी होती.

या काळात भेटणारा प्रत्येक हितचिंतक एकच सल्ला देतो, "अरे, स्टेनलेसचे लाव की! जन्मात गंज नाही." अशा माणसाशी मी हवापाण्यावर बोलतो. नेहमीचा स्टेनलेस बोल्ट ए२-७० या दर्जाचा, ताकद ७०० मेगापास्कल. गाडीतला साधा ८.८ दर्जाचा बोल्ट ८०० चा. शिवाय स्टेनलेसवर स्टेनलेसचा नट आवळला की आटे एकमेकांना असे धरतात की शेवटी करवतच लागते. वर तो दर्जा बोल्टाच्या डोक्यावर कोरलेला असतो, म्हणजे जुन्या गाड्यांच्या स्पर्धेतल्या परीक्षकाला भिंगही काढायला नको. डोकी वाचणं हा त्यांचा छंदच. अमेरिकन बोल्टावर तीन रेघा म्हणजे ताकदीची पाचवी श्रेणी, सहा रेघा म्हणजे आठवी. फुलीच्या खाचेचा फिलिप्स स्क्रू गाड्यांच्या उत्पादनात आला तो १९३६ च्या कॅडिलॅकपासून. त्याआधीच्या गाडीत तो दिसला की सुतकी चेहरे होतात.

मग मूळ रंग कळायचा कसा? पुरावा असतो वायसरखाली. जिथे हवा, पाणी आणि मागच्या मालकाचा ब्रश पोचला नाही, तिथे कारखान्याचा रंग शाबूत राहतो. म्हणजे गाडीतला सर्वांत विश्वासू साक्षीदार हा कधीच न उघडलेला बोल्ट. उघडताना नेमका तोच तुटतो.

आणि एवढं करून ज्याच्या इच्छेचा आपण शोध घेतोय तो कारखान्यातला कामगार! शिफ्ट संपायची वाट बघत त्याने पेटीत हात घातला, जो बोल्ट आला तो ठोकला. पुरवठादार बदलला, छटा बदलली, त्याला पत्ताही नव्हता. काही बोल्ट गाडीला रंग देण्याआधीच लागायचे, मग पान्याने त्यांच्या कडांचा रंग उडायचा. आज मी तोच रंग श्वास रोखून लावतो आणि मग तोच पाना लावून तो तितकाच उडवतो. त्याचा आळस मी मन लावून घडवतोय.

सध्या घोडं अडलंय ते कार्ब्युरेटरच्या स्प्रिंगपाशी. कडक पोलादाला प्लेटिंग करताना त्यात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होतं. त्यामुळे झिंक चढल्यावर (पिवळं करायचं असेल तर त्याआधी) २०० अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास भाजावं लागतं. मी स्वयंपाकघराच्या दारात नुसता उभा होतो, तर आतून आवाज आला, "अहो, त्या ओव्हनकडे बघूसुद्धा नका." शेवटी भट्टीवाल्या प्लेटिंगवाल्याकडून करून आणली.

आता प्रश्न एवढाच, की त्याच साली त्याच कारखान्यातून निघालेल्या गाड्यांच्या दोन जुन्या फोटोंपैकी एकात ती स्प्रिंग काळी दिसते, दुसऱ्यात रुपेरी. मी दोन्ही करून ठेवल्यात. परीक्षक कुठल्या पक्षाचा आहे ते कळलं की लावतो.