हॉरर ट्रेलरमध्ये ‘गुप्त’ असं काही नसतं

नागपुरातल्या घरगुती व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरून राहिला आहे. ‘पालकांनो, सावध व्हा’ अशी त्याची सुरुवात. हॉरर सिनेमांच्या ट्रेलरमध्ये १९ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १९ कंपनांचा, ऐकू न येणारा आवाज मिसळतात आणि तो मेंदूचा ताबा घेतो. मधूनच एका फ्रेमपुरते भेसूर चेहरे दडवलेले असतात. बाकी सगळा नुसता दणका, त्यात कला नावाची गोष्ट नाही. असलं काही आवडीनं बघणाऱ्याच्या मनात बिघाड असतो. आणि ट्रेलरमधल्या मंत्रांमुळे घरात नकारात्मक शक्ती शिरते. असे पाच दावे. माझं काम आवाजाचं आहे, रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगचं. ट्रेलर बांधणाऱ्यांची कारागिरी मी वर्षानुवर्षं कान देऊन ऐकत आलो आहे. ती अशी खोट्यात लोटून दिलेली मला बघवत नाही, म्हणून एकेक दावा घेतो.

पहिला दावा १९ हर्ट्झचा. हा आकडा हवेतून आलेला नाही. विक टँडी नावाच्या इंग्लंडमधल्या एका इंजिनिअरनं १९९८ मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. तो काम करत होता त्या प्रयोगशाळेत त्याला उगाच अस्वस्थ वाटायचं, एकदा तर डोळ्यांच्या कोपऱ्यात करड्या रंगाची आकृती दिसल्याचा भास झाला. पुढे शिकंज्यात अडकवलेलं तलवारबाजीचं पातं आपोआप थरथरताना दिसलं आणि त्याचा माग काढत तो एका पंख्यापाशी पोचला. पंख्यामुळे त्या खोलीत सुमारे १९ हर्ट्झची लाट उभी राहत होती. निरीक्षण मोलाचं आहे, पण ते एका माणसाचं, एका खोलीतलं आणि एका मोठ्या पंख्याचं आहे. सिनेमाशी त्याचा काही संबंध नाही.

आता हा आवाज मोबाइलमधून येऊ शकतो का ते बघा. १९ हर्ट्झच्या लाटेची लांबी साधारण १८ मीटर भरते, क्रिकेटच्या पिचहून जेमतेम दोन मीटर कमी. एवढी लाट जाणवेल इतक्या जोरानं हलवायला भरपूर हवा ढकलावी लागते. मोबाइलचा स्पीकर नखाएवढा. शंभर-दोनशे हर्ट्झच्या खालीच त्याचा दम तुटतो. तबल्याच्या बायाँचा घुमारासुद्धा त्याला नीट पेलत नाही. म्हणजे ज्या फोनवरून हा मेसेज पुढे जातो, त्याच फोनमधून १९ हर्ट्झ बाहेर पडणं अशक्य आहे. टॉकीजमधले मोठे सबवूफर, म्हणजे खर्जाचे स्पीकरही बहुधा याच्या वरच्या पट्टीतच काम करतात.

मग ट्रेलर ऐकताना अंगावर काटा येतो तो कशानं? ऐकू येणाऱ्याच आवाजानं. २०१५ मध्ये किंकाळ्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. साध्या बोलण्यात आवाजाची तीव्रता सेकंदाला चार-पाच वेळा कमी-जास्त होते, किंकाळीत मात्र ती सेकंदाला ३० ते १५० वेळा हलते. त्यामुळे किंकाळीला एक खरखरीत धार येते आणि मेंदूतला भीतीशी जोडलेला भाग त्या धारेला चटकन प्रतिसाद देतो. किंकाळीचा सूर उंचच असतो, हलते ती तिची तीव्रता. सूर आणि हलणं यांतला हा फरक ठाऊक नसला की ‘कमी हर्ट्झचा गुप्त आवाज’ अशी गोष्ट तयार होते. डॅनियल ब्लमस्टाइन या जीवशास्त्रज्ञाची वाट आणखी वेगळी. मार्मट नावाच्या डोंगरी प्राण्याची पिल्लं पकडली की कशी ओरडतात, ते ऐकता ऐकता तो सिनेमाकडे वळला. शंभरावर सिनेमांचा आवाज तपासून त्यानं २०१० मध्ये सहकाऱ्यांसोबत दाखवलं, की घाबरलेल्या प्राण्याचा गळा जसा ताणून फाटतो तसे फाटलेले, खरखरीत आवाज सिनेमावाले भावना चाळवायला वापरतात. व्हायोलिनची तार गज दाबून ओरबाडली की तेच होतं. हे काम कुणी लपवून करत नाही. ते ऐकू यावं यासाठीच केलेलं असतं.

दुसरा दावा दडवलेल्या चेहऱ्यांचा. त्याचं मूळ १९५७ मधलं. जेम्स विकरी या अमेरिकन जाहिरातवाल्यानं सांगितलं, की सिनेमा चालू असताना पडद्यावर क्षणभर ‘पॉपकॉर्न खा’, ‘कोकाकोला प्या’ असं चमकवलं आणि विक्री वाढली. १९६२ मध्ये त्यानंच कबूल केलं, की तो सगळा बनाव होता. जगभर गाजलं ते पहिलं वाक्य, दुसरं फारसं कुणाच्या कानावर गेलं नाही. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम असतात, म्हणजे एक फ्रेम सुमारे ४२ मिलिसेकंद टिकते. तेवढ्यात चमकलेला चेहरा डोळ्याला पुसटसा का होईना जाणवतो. काही दिग्दर्शकांनी तो उघडपणे वापरलाही आहे आणि प्रेक्षकांनी तो हेरलाही आहे. आपली खात्री आपणच करून घेता येते. कंप्युटरवर यूट्यूबचा व्हिडिओ थांबवून स्वल्पविराम किंवा पूर्णविरामाची कळ दाबा, ट्रेलर एकेक फ्रेम मागे-पुढे सरकतो. आपले पोट्टे हे रोज करतात. इतक्या डोळ्यांखालून जाणाऱ्या गोष्टीत गुपित टिकत नाही.

तिसरा दावा, ‘नुसता दणका’, मला सगळ्यांत जास्त लागला. दणक्यानं माणूस दचकतो हे खरं. मोठा आवाज अचानक आला की ३० ते ५० मिलिसेकंदांत पापणी मिटायला लागते, मग मान आक्रसते, खांदे वर येतात. यात विचाराला जागा नाही, कुकरची शिट्टीही हे करू शकते. पण दचकणं वेगळं आणि भीती वेगळी. भीती दणक्याच्या आधीच्या शांततेत घडवावी लागते. माणूस आधीच धास्तावलेला असेल तर त्याच आवाजाला तो कितीतरी जास्त दचकतो, हे प्रयोगांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. म्हणून चांगला ट्रेलर बांधणारा पहिली मेहनत शांततेवर घेतो. संगीत काढून टाकतो, पंख्याची घरघर ठेवतो, मग तीही काढतो. प्रेक्षक नकळत पुढे झुकतो. तो झुकला की निम्मं काम झालं.

उदाहरणं बघा. १९६० मध्ये ‘सायको’चा ट्रेलर आला तो सहा मिनिटांहून लांब होता आणि त्यात सिनेमातले प्रसंग जवळजवळ नव्हतेच. सिनेमाचा दिग्दर्शक हिचकॉक स्वतः घर दाखवायला आलेल्या माणसासारखा मोटेल नि मागचा बंगला फिरवून दाखवतो. इथे काय घडलं ते सांगायला लागतो आणि वाक्य अर्धवट सोडून पुढच्या खोलीत जातो. अगदी शेवटी न्हाणीघराचा पडदा ओढतो तेव्हा एक किंकाळी. तीही सिनेमातल्या त्या प्रसंगातल्या नटीची नाही, तिथे दुसरीच नटी उभी केली होती. अख्ख्या ट्रेलरमध्ये दणका एकच, तोही शेवटच्या काही क्षणांत. १९८० मध्ये ‘द शायनिंग’च्या टीझरमध्ये कॅमेरा हलतच नाही. लिफ्टची दोन लाल दारं, त्यांवरून वर सरकणारी अक्षरं, वाढत जाणारी गुणगुण आणि मग दारातून लोटणारं रक्त. एकही माणूस नाही, एकही संवाद नाही.

२०१३ मधल्या ‘द कॉन्ज्युरिंग’चा ट्रेलर तर मी शिकायला येणाऱ्या मुलांना आवर्जून ऐकवतो. आधी एक घरगुती खेळ दाखवतात: डोळ्यांवर पट्टी बांधलेली आई मुलींना शोधते आणि त्या टाळ्या वाजवून आपली जागा कळवतात. टाळी म्हणजे इथे आहे, हा नियम आपल्या डोक्यात बसतो. नंतर तीच आई तळघराच्या जिन्यावर काडी पेटवून बसलेली असते आणि अंधारातून दोन हात पुढे येऊन टाळी वाजवतात. टाळीचा आवाज तो केवढासा! तरी टॉकीजमध्ये बायाबापे सगळे ओरडतात, कारण त्या आवाजाचा अर्थ ट्रेलरनं आपल्याला मिनिटभर आधी शिकवून ठेवलेला असतो. हे ज्याला ‘नुसता दणका’ वाटतं त्यानं तो एकदा आवाज कमी करून बघावा. भीती तरी वाटेलच.

ट्रेलरनं काय दाखवू नये, हाही याच कलेचा भाग आहे. भूत पूर्ण दिसलं की त्याची उंची कळते, चेहरा कळतो, मग त्याला मन मोजून टाकतं. पाठमोरी बाई, अर्धं उघडं दार, चौकटीबाहेर बघणारं मूल एवढंच दिसलं की उरलेलं आपण भरतो, आणि प्रत्येक जण आपापल्या घरचं भरतो. आपल्याकडे बागुलबुवाला कुणी चेहरा दिला नव्हता, म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

चौथा दावा बघणाऱ्याच्या मनाबद्दलचा आहे, आणि तो मला अन्यायाचा वाटतो. डेन्मार्कच्या आर्हुस विद्यापीठातल्या संशोधकांनी एका भयघरात आलेल्या लोकांच्या हृदयाचे ठोके मोजले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असं दिसलं, की फार कमी भीतीत मजा नाही आणि फार जास्त भीतीतही नाही, सगळ्यांत जास्त मजा मधल्या टप्प्यावर. कोविडच्या काळात केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात हॉररच्या चाहत्यांना मानसिक त्रास तुलनेनं कमी झालेला आढळला. हॉरर बघितलं की मन खंबीर होतं, असं यावरून ठरत नाही. मुळात खंबीर माणसंच हॉररकडे जात असतील. पण ‘बिघाड’ तर कुठेच दिसत नाही.

आणि हे नागपूरकरांना परक्या देशातून शिकायची गरज काय? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत इतवारी-महालातून निघते तेव्हा त्या भयंकर रूपाच्या पुतळ्यापुढे अख्खं शहर लोटतं. लेकरं बापाच्या खांद्यावर बसून ते रूप बघतात. ‘इडा पिडा घेऊन जाय गे मारबत’ म्हणून आरोळ्या उठतात. शंभराहून अधिक वर्षं हे शहर भीतीला रस्त्यावर आणून, गर्दीत, एकमेकांना धरून बघत आलं आहे. २००९ मध्ये ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’च्या ट्रेलरनं नेमकं हेच हेरलं. सिनेमा दाखवण्याबरोबरच त्यांनी अंधारात बसलेले प्रेक्षक दाखवले: ओरडणारे, शेजाऱ्याचा हात घट्ट पकडणारे, तोंड झाकून हसणारे. तुम्हीही या गर्दीत या, असं ते आमंत्रण होतं. सुमारे १५,००० डॉलरमध्ये बनलेल्या त्या सिनेमानं जगभरात १९ कोटी डॉलरहून अधिक कमावले. आपल्या कोकणातल्या गावाचं नाव लावलेला ‘तुंबाड’ २०१८ मध्ये आला तेव्हा टॉकीज फारशा भरल्या नाहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई करून गेला. तोवर कितीतरी जणांनी तो घरी बघून टाकलेला होता. शेवट ठाऊक असलेली माणसं तिकीट काढून गेली, कारण ती भीती त्यांना अंधारात, अनोळखी माणसांच्या सोबतीनं हवी होती.

पाचव्या, मंत्रांच्या दाव्याला लांब उत्तर नको. ट्रेलरमधला मंत्र एखाद्या कलाकारानं स्टुडिओत, समोर कागद धरून म्हटलेला असतो आणि माझ्यासारख्या कुणीतरी त्यावर घुमारा चढवलेला असतो. अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८२ पासून ज्या शहरातून काम करते, त्या शहरात तरी हे वाक्य पुढे पाठवू नये.

मेसेजमध्ये पालकांची जी काळजी आहे ती मात्र खरी आहे, तिला हात झटकून चालणार नाही. धोका आहे तो उघड्या गोष्टींत. वेगानं लखलखणाऱ्या प्रकाशानं काही जणांना फिट येऊ शकते. १९९७ मध्ये जपानमध्ये मुलांच्या एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या लखलखाटानंतर सुमारे ६८५ जणांना, बहुतेक मुलांनाच, दवाखान्यात न्यावं लागलं होतं. तो हॉरर नव्हता, पण आजच्या कितीतरी हॉरर ट्रेलरमध्ये तसा लखलखाट असतो. घरात कुणाला फिट येत असेल तर हे आधी बघा.

दुसरं, न विचारता अंगावर येणारा ट्रेलर. टॉकीजमध्ये दाखवायच्या ट्रेलरला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं, मोबाइलवर मधेच टपकणाऱ्या जाहिरातीला तो चाप नाही. भीतीची सगळी मजा ‘मी बघायचं ठरवलं’ यात आहे. बालगीत ऐकणाऱ्या चार वर्षांच्या पोरीनं काहीच ठरवलेलं नसतं. २०१८ मध्ये ‘द नन’ची अशीच काही सेकंदांची जाहिरात यूट्यूबवर आली. आवाज कमी होत असल्याचं चिन्ह दाखवायचं आणि एकदम किंचाळणारा चेहरा आणायचा, अशी तिची रचना होती. लोकांनी ओरड केली आणि यूट्यूबनं ती धक्कादायक मजकुराच्या नियमाखाली काढून टाकली. तशी जाहिरात लेकरासमोर आली तर तिच्यावरच तक्रार नोंदवायची सोय असते, ती वापरा. आणि लहानांच्या हातात फोन देताना लहानांसाठीचं वेगळं यूट्यूब ॲप चालू करून द्या.