‘मनावर घे’ हे सांगणं आता बंद करा

घरात कुणाची तरी केमो चालू असते, ऑफिसात टीममधली अर्धी माणसं कमी झालेली असतात, मुलीची दहावी तोंडावर आलेली असते. अशा माणसाच्या पोटाकडे बघत लग्नाच्या पंगतीत कुणीतरी म्हणतं, ‘सुटलायस रे, जरा मनावर घे.’ संताप येतो हे ऐकून. आयुष्यातल्या सगळ्यात वाईट सहा महिन्यांत त्या माणसाला आधार द्यायचा सोडून तुम्ही त्याच्या पट्ट्याचं भोक मोजता?

आणि हे निव्वळ दुष्टपणाचं नाही, चुकीचंही आहे. ताणात वजन वाढतं ते माणूस ढिला पडला म्हणून नाही. ताण लांबला की कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन चढं राहतं, भूक गोड आणि तळलेल्याकडे वळते, आणि झोप तुटते. झोप तुटली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन कमी होतं. २०१० साली शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी वजन जास्त असलेल्या दहा जणांना दोन आठवडे मोजून कमी खायला दिलं. एकदा रात्री साडेआठ तास झोपायची मुभा देऊन आणि एकदा साडेपाच तास. दोन्ही वेळा वजन जवळजवळ सारखंच उतरलं, साधारण तीन किलो. पण पुरती झोप असताना त्यातली चरबी १.४ किलो होती, अपुऱ्या झोपेत फक्त ०.६ किलो. बाकीचं गेलं ते स्नायू आणि पाणी. प्रयोग लहान आहे, मान्य. पण रात्री दीडला झोपणाऱ्याला पहाटे पाचचा गजर लावायला सांगणाऱ्या प्रत्येकाने हे आकडे आधी वाचावेत. झोपेतला दीड तास कापून केलेला व्यायाम ताणाच्या दिवसांत तोट्याचा सौदा आहे. सहा तासांच्या खाली झोप जात असेल तर पहिलं काम झोपेचं, जिमचं नंतर.

यानंतर येतो तो ‘सोमवारपासून’चा आराखडा. भात बंद, साखर बंद, चहा बंद, पाचला उठणं, रोज दहा हजार पावलं, जिमचं वर्षाचं पॅकेज, सगळं एकाच दिवशी. हा आराखडा रिकाम्या आयुष्याच्या माणसासाठी आहे. ज्याच्या हातात दिवसाची मोकळी वीस मिनिटं आहेत त्याला रोजच्या दीड तासाचं वेळापत्रक देता, आणि नवव्या दिवशी ते कोसळलं की म्हणता याच्यात दम नाही. दम माणसात नव्हे, आराखड्यात नव्हता.

पहिल्या आठवड्यात दोन-अडीच किलो उतरल्याचे फोटो टाकणाऱ्यांनी तर खूप नुकसान केलंय. भात-पोळी एकदम तोडली की शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात ठेवलेल्या साखरेचा, साठा रिकामा होतो, आणि एक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्यासोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरून असतं. ते पाणी जातं. दुसऱ्या आठवड्यात काटा थांबतो, एका लग्नाच्या जेवणानंतर दीड किलो ‘वाढतो’, आणि माणसाला वाटतं सगळं फुकट गेलं. फुकट काही गेलेलं नसतं, मीठ आणि पाणी परत आलेलं असतं. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. रोज ३०० कॅलरीची तूट ठेवली तर एका किलोला जवळजवळ सव्वीस दिवस लागतात. हे खरं गणित कुणी सांगत नाही, कारण यावर पॅकेज विकलं जात नाही. वजन करायचंच असेल तर सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर, आणि आठवड्याची सरासरी बघा. पाळीच्या आधीच्या आठवड्यात वाढलेला काटा बायकांनी हिशेबात धरूच नये. कंबर महिन्यातून एकदा मोजा: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप, श्वास सहज सोडलेला, पोट आत न ओढता.

सगळ्यात पुणेरी चूक म्हणजे रविवारचा सिंहगड. सहा दिवस खुर्चीत, सातव्या दिवशी मित्रांच्या आग्रहाने आतकरवाडीतून थेट वर. वर पोचल्यावर पिठलं-भाकरी, कांदाभजी, मटक्यातलं दही, आणि मग खाली उतरणं. खरी कळ त्या उतरण्यात आहे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार झेलतो, आणि न सरावलेल्या स्नायूला त्याच प्रकारच्या कामाने सगळ्यात जास्त दुखतं. हे दुखणं एक ते तीन दिवसांत शिगेला पोचतं. म्हणजे सोमवार-मंगळवारी जिना उतरवत नाही, बुधवारी ऑफिसात डेडलाइन, आणि आठवडा गेला. सिंहगड सोडा असं कोण म्हणतंय? दीड-दोन महिने आठवड्यातून दोनदा पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढा-उतरा, मग जा. गुडघा कुरकुरत असेल तर सोसायटीचा जिना चढा आणि खाली लिफ्टने या.

मग कमीत कमी करायचं काय? जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. हे ऐकून लोक घाबरतात. पण याच संघटनेने २०२० च्या सूचनांमध्ये, हालचाल सलग दहा मिनिटं तरी हवी ही जुनी अट काढून टाकली. पाच मिनिटंही धरतात. ही बातमी घरोघरी पोचायला हवी होती, पोचल्या त्या कोमट पाणी आणि लिंबाच्या फॉरवर्ड. ताणाच्या आठवड्यात जेवणानंतर दहा मिनिटं चाला, दुपारी एकदा, रात्री एकदा. जेवणानंतरच का, तर साखर रक्तात चढत असतानाच पायांचे स्नायू ती वापरायला लागतात आणि चढ बोथट होतो. शिवाय जेवण रोज होतंच, त्यामुळे वेळ वेगळी शोधावी लागत नाही. वेग असा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, मिनिटाला साधारण शंभर पावलं. दिवसाला वीस मिनिटं म्हणजे आठवड्याला १४०. जवळजवळ पोचलात की!

पण चालायचं कुठे? हा प्रश्न विचारला की सगळे टेकडीची नावं सांगतात. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, सगळ्या सुंदर आहेत, तळजाईवर तर बऱ्यापैकी सपाट चालता येतं. पण वाकड-हिंजवडीच्या कोंडीतून रात्री साडेनऊला घरी पोचणाऱ्याला टेकडी काय कामाची? त्याला घराबाहेरचा फुटपाथ हवा. आणि तो फुटपाथ म्हणजे उखडलेले ब्लॉक, मधोमध विजेचा डीपी बॉक्स, केबलचं भेंडोळं, पार्क केलेल्या गाड्या आणि सिग्नल टाळायला वर चढलेले दुचाकीवाले, मागून हॉर्न वाजवत. फुटपाथवर! जंगली महाराज रस्त्यासारखा रुंद फुटपाथ एका रस्त्याला मिळतो आणि बाकी शहराने रस्त्याच्या कडेने जीव मुठीत धरून चालायचं. साठीच्या बाईंचा पाय ब्लॉकमध्ये मुरगळला की तीन महिने चालणं बंद, आणि वजनाचं भाषण पुन्हा त्यांनाच. फुटपाथ मिळेपर्यंत इमारतीचं पार्किंग, गच्ची, घरातला पॅसेज, काहीही चालेल. पाऊस असेल तर फोनवर बोलताना बसू नका, एवढंही खूप आहे. पार्किंगमध्ये चकरा मारणाऱ्याकडे बघून हसणाऱ्या शेजाऱ्यांनी मात्र आपापल्या घरात जावं.

आता स्नायूंचा भाग, जो सगळे सोडतात. ‘मला फक्त बारीक व्हायचंय, वजनं नाही उचलायची.’ हा हट्ट आपल्याला परवडणारा नाही, आणि हे पुण्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असायला हवं? इथल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा शेजारी-शेजारी फोटो छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. भारतीय माणूस दिसायला सडपातळ असतानाही आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी घेऊन फिरतो, हे त्या एका फोटोने दाखवलं. म्हणूनच आपल्यासाठी बीएमआयची जास्त वजनाची रेघ २५ ऐवजी २३ वर धरतात, आणि कंबर पुरुषांची ९० सेंटीमीटर, बायकांची ८० सेंटीमीटर झाली की धोका मानतात. एवढं सगळं आपल्याच शहरातून जगाला कळलं, आणि आपण अजून ज्यूस पिऊन स्नायू घालवतोय.

आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं, घरातच. बुधवार आणि रविवार घ्या. खुर्चीवर टेकून उठणं दहा वेळा, भिंतीला किंवा ओट्याला हात लावून पुशअप दहा, पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं बारा. मग पुस्तकं भरलेली सॅक एका हातात धरून, दुसरा हात टेबलावर टेकवून, कोपर मागे ओढत प्रत्येक बाजूने दहा. हे सगळं दोनदा. शेवटच्या दोन-तीन वेळा जड जायला हव्यात, जात नसतील तर ते काम होत नाहीये. पंधरा सहज व्हायला लागले की खुर्चीऐवजी बुटकं स्टूल घ्या, सॅकमध्ये दोन लिटर पाणी वाढवा. जोर लावताना श्वास सोडायचा, धरायचा नाही, बीपी असणाऱ्यांनी तर अजिबात नाही. सूर्यनमस्कार उत्तम, पण त्यात ओढण्याचा व्यायाम नाही, म्हणून ती सॅक सोडू नका. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका, तिथेच कंबर धरते. फारच वाईट आठवडा असेल तर एकच फेरी करा, आठ मिनिटांची. ताणाच्या काळात वजन आहे तिथे टिकवणं हीसुद्धा पूर्ण कामगिरी आहे, आणि ती कुणीही कमी लेखू नये.

खाण्याचं थोडक्यात. सत्तर किलोचा माणूस अर्धा तास भराभर चालून साधारण १२० ते १५० कॅलरी खर्चतो. एका वडापावात ३०० च्या आसपास असतात. तेव्हा ‘खा आणि चालून जिरवा’ म्हणणारा प्रत्येक ट्रेनर लोकांना फसवतोय. फोडणीच्या एका मोठ्या चमच्यात १२० कॅलरीचं तेल असतं. ऑफिसात दिवसाचे पाच चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे चाळीस-पन्नास ग्रॅम साखर चहातूनच. चहा बंद करू नका, ताणात तोच एक विसावा असतो. साखर अर्धा-अर्धा चमचा खाली आणा, दर दोन आठवड्यांनी. खरी गडबड संध्याकाळी होते. दुपारी दीडचा डबा, रात्री साडेदहाचं जेवण, मधल्या नऊ तासांत काही नाही. एवढ्या भुकेने माणूस फरसाणाच्या पुड्यावर तुटून पडला तर त्यात दोष कसला? निघायच्या आधी सहाला पन्नास ग्रॅम फुटाणे किंवा दोन उकडलेली अंडी खा, दहा-बारा ग्रॅम प्रोटीन मिळतं आणि रात्रीचं जेवण आपोआप आटोक्यात येतं. आणि ‘वजन कमी करायला उपास’ म्हणून साबुदाण्याची खिचडी खायला घालणं थांबवा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यावर तेल किंवा तूप आणि दाणे. श्रद्धेने करा, वजनासाठी नको.

एवढं नेमाने करूनही वजन चढतंच असेल तर कृपा करून आणखी भाषण देऊ नका, तपासणी करून घ्या. मंदावलेलं थायरॉइड, पीसीओएस (बायकांमधला हार्मोनचा बिघाड), स्टेरॉइड, काही मानसोपचाराच्या गोळ्या, इन्सुलिन, यांनी वजन वाढतं. गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना पर्याय विचारायचा. जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं, दिवसा गाडी चालवताना डुलकी, हे स्लीप ॲप्निया असू शकतं. सलग दोन आठवडे कशातच रस नसेल, अंथरुणातून उठवत नसेल, तर तिथे डाएट चार्टचं काही काम नाही, मानसोपचारतज्ज्ञांचं आहे. चढताना छातीत दाब येत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

आणि कंपन्यांनो, वेलनेसच्या नावाखाली पाण्याची बाटली आणि पावलं मोजायची स्पर्धा नको आहे कुणाला. पावलांचा तक्ता भिंतीवर लावता आणि त्याच माणसाला रात्री साडेनऊच्या कॉलला बसवता. तो कॉल सहाच्या आत घ्या. सगळ्यांना जमणारी वेळ नसेल तर आळीपाळीने घ्या, एकाच माणसाची रोजची रात्र खाऊ नका. जेवणाच्या सुट्टीत मीटिंग ठेवू नका, तिथेच त्याची चालण्याची दहा मिनिटं जातात.