‘शिशाचा प्रश्न 2000 सालीच संपला’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला एका रंगवाल्याचं उत्तर

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला, आधी मंडळाच्या ग्रुपवर, मग सुदामा नगरच्या आत्याकडून, मग देवासच्या मेव्हण्याकडून आणि शेवटी आमच्या दुकानातल्या मुलाकडून. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सरकारने 2000 मधे पेट्रोलमधलं शिसं काढलं, नंतर रंगातलं काढलं, विषय संपला. आता मुलांच्या रक्तात शिसं आहे म्हणतात तो लॅबवाल्यांचा धंदा. आपल्या आज्यांनी शेंदूर, सुरमा, कल्हई सगळं वापरलं आणि नव्वदी गाठली, आपण शिसपेन्सिली चघळल्या, काही झालं नाही. इंदूर देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर, इथे शिसं येणार कुठून. आणि तरी भीती वाटत असेल तर मुलांना हळदीचं दूध आणि कोथिंबिरीचा रस द्या, सगळं बाहेर पडतं.

इंदूरच्या मल्हारगंजात आमचं रंगाचं दुकान आहे, बाबांपासून. शिवाय माझी मुलगी अडीच वर्षांची आहे आणि तिच्या रक्तात शिसं निघालंय. म्हणून हा मेसेज मी नुसता डिलीट करू शकलो नाही.

पहिलं, पेट्रोल. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसं नसलेलंच पेट्रोल मिळायला लागलं हे अगदी खरंय, आणि ते सरकारचं मोठं काम आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण पुढे काय झालं बघा. मुंबईत या बंदीच्या आधी 1997 मधे मुलांचं रक्त तपासलं होतं तेव्हा साठ टक्क्यांच्या वर मुलांमधे शिसं 10 मायक्रोग्रॅमच्या पुढे होतं (हे सगळे आकडे 100 मिली रक्तातले). बंदीनंतर काही वर्षांनी परत साडेसातशे मुलं तपासली तर तेच प्रमाण 33 टक्क्यांवर आलं. म्हणजे जवळजवळ अर्ध्यावर. या आकड्याची पहिली बाजू सांगते की कायदा केला की मुलांच्या रक्तातलं शिसं खरंच उतरतं, आणि दुसरी बाजू सांगते की पेट्रोल गेल्यावरही दर तीन मुलांमागे एक मूल उरलं होतं, तेही 10 ची जुनी ढिली रेघ धरून. आज जागतिक आरोग्य संघटना 5 ला म्हणते की शिसं कुठून येतंय ते शोधा आणि थांबवा, अमेरिकेने 2021 मधे आपली रेघ 3.5 वर आणलीय, आणि सुरक्षित अशी पातळी कुठलीच नाही हे दोघंही सांगतात. 2020 मधे युनिसेफचा अहवाल आला त्यात जगातली 80 कोटीपर्यंत मुलं 5 च्या वर असल्याचा अंदाज आहे, त्यातली साडेसत्तावीस कोटी भारतातली. मेसेज लिहिणाऱ्याने पहिली बाजू उचलली आणि दुसरी सोडून दिली.

आता रंग, हा माझा धंदा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घरगुती रंगाचा नियम 2016 च्या नोव्हेंबरात आला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. दहा लाख भागात शिसं 90 भागांपेक्षा जास्त नको, आणि डब्यावर तसं छापायचं. आजही माझ्याकडे कोणी ऑइल पेंटचा डबा मागितला तर मी फिरवून ती बारीक ओळ दाखवतो, तुम्हीही बघून घेत जा, ज्या डब्यावर ती नाही तो घेऊ नका, स्वस्त असला तरी. पण हा नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगाचा आहे, इंडस्ट्रियल रंग त्यात येत नाहीत. आणि लोक काय करतात की कारखान्यातून उरलेला इंडस्ट्रियल पिवळा किंवा लाल आणून घराच्या गेटला, गच्चीच्या जाळीला, मुलांच्या झोपाळ्याला मारतात कारण तो टिकतो. पिवळा, नारिंगी, लाल, हिरवा यांचीच जास्त भीती, कारण जुना चमकदार पिवळा यायचा लेड क्रोमेटमधून, म्हणजे शिशाच्या पिवळ्या भुकटीतून.

आणि मुख्य म्हणजे नियम नव्या डब्याला लागू होतो, दरवाज्यावर आधीच बसलेल्या रंगाला नाही. आमचं घर रामबागेत, आजोबांच्या वेळचं. मागच्या दिवाळीच्या आधी पुताई (रंगकाम) काढली तेव्हा चौकट खरवडली तर कांद्यासारखे पापुद्रे निघाले, वर तपकिरी, खाली हिरवा, त्याखाली दोन वेळा पिवळा, अगदी तळाशी गुलाबीसर अस्तर. पेंटरला रेगमाल (घासायचा पॉलिश पेपर) मी माझ्याच दुकानातून दिला, कोरडाच घासा म्हटलं कारण लवकर होतं. तीन दिवस घरभर पीठ उडाल्यासारखी धूळ. मुलगी तेव्हा दोन वर्षांचीही नव्हती, सगळं तोंडात घालायचं वय, खिडकीखाली बसून पडलेले पापुद्रे वेचायची. एकदा तर तोंडातून बोटाने काढला मी, हिरवा, नखाएवढा. जुन्या शिशाच्या रंगाला चव गोडसर लागते हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

अमेरिकेने घरांसाठी शिशाचा रंग 1978 मधे बंद केला आणि तरी 2010 पासून तिथे नियम आहे की 1978 च्या आधीच्या घरात पैसे घेऊन रंग खरवडायचा तर प्रशिक्षण घेतलेला माणूस पाहिजे, प्लास्टिक अंथरायचं, धूळ उडू द्यायची नाही. म्हणजे ज्या सरकारने रंग बंद केला त्याचंही नुसता डबा बंद करून भागलं नाही, भिंतीचंही बघावं लागलं. आपल्याकडे पुताईच्या धुळीबद्दल कोणी काही सांगत नाही, दुकानदारही नाही. मीही सांगत नव्हतो.

लॅबवाल्यांचा धंदा हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला. मुलगी चिडचिडी झालेली, भूक नाही, हिमोग्लोबिन 8.9 आलं म्हणून डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी माती किंवा भिंत खाते का विचारलं आणि शिशाची तपासणी लिहून दिली. त्याआधी एका ठिकाणी नेलं होतं तिथे टॉनिक देऊन परत पाठवलं होतं. लॅबने सॅम्पल बाहेरगावी पाठवलं, आठ दिवसांनी रिपोर्ट आला, 11. धंदाच असता तर प्रत्येक गल्लीत बोर्ड लागले असते, इथे तर करणारी लॅब शोधताना दोन दिवस गेले. अमेरिकेत मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनेतल्या गरीब घरच्या मुलांची ही तपासणी 12 आणि 24 महिन्याला करावीच लागते. आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, मुलांचं पुष्कळ काही बघतं, चांगलं काम आहे, पण रक्तातलं शिसं त्यात मोजत नाहीत. मोजलंच नाही तर कोणाला आहे ते कळणार कसं?

आज्यांचं म्हणाल तर त्यांचंही कोणी मोजलं नव्हतं. ज्या नव्वदीपर्यंत जगल्या त्या आपल्याला आठवतात, आणि ज्यांची मुलं पोटदुखीने, फिटने किंवा नुसतीच "अशक्त होती" म्हणून गेली त्यांची नावंही घरात कोणी घेत नाही. शिशाने बहुतेक मुलं मरत नाहीत, आजारीही दिसत नाहीत, अभ्यासात मागे पडतात, लक्ष लागत नाही, आणि आपण म्हणतो डोकंच तेवढं आहे. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडात साठवतं आणि तिथे ते वर्षानुवर्षं राहतं, बाईला दिवस गेले की हाडातून परत रक्तात येतं आणि बाळापर्यंत पोचतं. जुना अस्सल शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड, सुरम्याचा दगडही बहुतेक वेळा शिशाचाच. मारुतीला शेंदूर चढवा, माझी आई दर शनिवारी चढवते, पण तोच हात मुलाच्या कपाळाला आणि मग तोंडाला नको, हात धुऊन प्रसाद द्या. कल्हईचं कथील शुद्ध असेल तर काही नाही, स्वस्तात शिसं मिसळलेलं असेल तर आंबट वरणात उतरतं.

शिसपेन्सिलीत शिसं नसतं. ग्राफाइट आणि माती असते, पूर्वी लोकांना ते शिसं वाटलं म्हणून नाव पडलं, बस.

इंदूर 2017 पासून सतत स्वच्छतेत पहिलं येतंय याचा मलाही अभिमान आहे, पहाटे रस्ता झाडणाऱ्या ताईंना मी रोज बघतो. पण शिसं कचऱ्यासारखं दिसत नाही. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी कबाड्याला दिली की ती कुठे जाते? 2001 पासून नियम आहे की बॅटरी विकणाऱ्याने जुनी परत घ्यायची, 2022 च्या नव्या नियमात तर बनवणाऱ्या कंपनीवरच जबाबदारी टाकलीय. तरी आमच्या दुकानापासून थोड्या अंतरावर एक माणूस पत्र्याच्या शेडमधे बॅटऱ्या फोडून प्लेटा वितळवायचा, ॲसिड नालीत, राख दाराशी, आणि त्याची स्वतःची दोन लेकरं त्याच राखेत खेळायची. सेनेगलमधे डकारजवळ 2007-08 मधे असल्याच कामाने 18 मुलं दगावली. सकाळी घंटागाडी येऊन ओला-सुका कचरा घेऊन जाते, ही राख मागेच राहते.

हळदीवर मात्र थांबायलाच पाहिजे, कारण मेसेजमधला हा सल्ला उलटा पडू शकतो. हळकुंड जास्त पिवळंधमक दिसावं म्हणून काही ठिकाणी त्याला लेड क्रोमेट चोळतात, तेच, आमच्या जुन्या रंगातलं पिवळं. बांगलादेशात 2019 मधे हे उघड झालं, तिथे बाजारातल्या हळदीच्या नमुन्यांपैकी 47 टक्क्यांत ते होतं. सरकारने ढाक्याच्या घाऊक बाजारात धाड घातली, व्यापाऱ्यांना दंड केला, लोकांना सांगितलं, मशीन घेऊन हळद तपासली आणि 2021 पर्यंत प्रमाण शून्यावर आलं. दोन वर्षांत! आपल्याकडे हळदीत शिशाची मर्यादा किलोमागे 10 मिलिग्रॅम ठरलेली आहे, कागदावर सगळं आहे, पण किराण्याच्या सुट्या हळदीचे नमुने किती वेळा उचलले जातात ते तुम्हीच आठवून बघा. आम्ही आता हळकुंडं आणून घरी कुटतो, आणि जास्त चकचकीत दिसली तर तीही घेत नाही. कोथिंबिरीच्या रसाने शिसं बाहेर पडतं हे सिद्ध झालेलं नाही. ज्याने मदत होते ते साधं आहे, लोह आणि कॅल्शियम. पोटात लोह कमी असलं की मूल शिसं जास्त ओढून घेतं, एरवीही मोठ्या माणसाच्या चार-पाच पट ओढतंच, आणि 2019-21 च्या सरकारी पाहणीत आपल्या देशात पाच वर्षांखालच्या 67 टक्के मुलांना ॲनिमिया निघाला होता. म्हणून अंगणवाडीत मिळणारं लोहाचं सिरप कपाटात ठेवू नका.

मुलीला आम्ही कुठलंही डिटॉक्स दिलं नाही. डॉक्टर म्हणाले या पातळीला शिसं काढायचं औषध देत नाहीत, ते 45 च्या पुढे, आधी घरातला स्रोत बंद करा. चौकटी पाणी मारून ओल्या खरवडल्या, त्या दिवसात तिला आजीकडे ठेवलं, नंतर महिनाभर रोज ओला पोछा, झाडू नाहीच. लोहाचं औषध, दूध, नाचणी. सहा महिन्यांनी 7 आलं. पुढची तपासणी राखीनंतर आहे.

मंडळाच्या रविवारच्या बैठकीत मी दोन गोष्टी मांडणार आहे. जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र, की अंगणवाडीतल्या ॲनिमिया असलेल्या मुलांचं तरी शिसं मोजा, आणि अन्न विभागाला पत्र, की सणाच्या आधी सुट्या हळदीचे नमुने उचला. मसुदा दुकानात काउंटरवर ठेवलाय, सही करायला या, रात्री साडेआठपर्यंत मी असतो, आणि रेगमाल न्यायला येणार असाल तर त्याबरोबर प्लास्टिकची शीट फुकट देतोय.