टेक्ससच्या ‘फोर-एच’ नंबरप्लेटविषयी खुलासा

‘टेक्ससमध्ये फोर-एच या युवा विकास उपक्रमाची नंबरप्लेट एकदा ३० डॉलर भरून घेतली की सगळी रक्कम मुलांच्या कामाला जाते, आणि महाराष्ट्रात पसंतीच्या क्रमांकाचे शुल्कही असेच वापरले जाते,’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. त्यातील नंबरप्लेट खरी आहे; हिशेब मात्र चुकीचा आहे.

हिरव्या चार पानांच्या आणि प्रत्येक पानावर पांढरा ‘एच’ असलेल्या चिन्हाने ओळखला जाणारा हा उपक्रम टेक्ससमध्ये टेक्सस ए अँड एम विद्यापीठाशी संलग्न कृषी विस्तार सेवेमार्फत चालतो. अशा नंबरप्लेटच्या ३० डॉलरपैकी २२ डॉलर संबंधित कार्यासाठी जातात आणि उरलेले ८ डॉलर प्रशासकीय खर्चापोटी शासनाकडे राहतात. शिवाय हे शुल्क एकदाच भरून भागत नाही. ते वाहनाच्या नेहमीच्या नोंदणी शुल्काव्यतिरिक्त दरवर्षी द्यावे लागते. आपल्या आवडीची अक्षरे हवी असतील, तर त्याचे पैसे वेगळे.

महाराष्ट्राबाबतचा दावा तर निराधारच आहे. पसंतीच्या क्रमांकासाठी आरटीओकडे भरलेले शुल्क हा राज्य शासनाचा महसूल असतो. कोणत्याही संस्थेचा त्यात वाटा ठरलेला नसतो. संस्थेचे चिन्ह असलेली नंबरप्लेट तर आपल्याकडे मिळतच नाही, कारण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये नंबरप्लेटचे स्वरूप ठरवून दिलेले असून १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बंधनकारक आहे. त्यामुळे ‘मुलांसाठीची नंबरप्लेट’ म्हणून येथे कोणी पैसे मागत असल्यास ते देऊ नयेत.