भाड्याचा फेटा आणि घरचं भात

डोकं फिरलंय म्हणून लिहायला बसलेय. लांब होणार आहे, ज्यांना घाई असेल त्यांनी लाइक करून पुढे जावं.

२३ डिसेंबर, शेतकरी दिन. मुलीच्या शाळेच्या ग्रुपवर फर्मान आलं, पहिली-दुसरीच्या मुलांना शेतकऱ्याच्या वेषात पाठवा, सोबत शेतीचं एक 'मॉडेल' आणि इंग्रजीत पाच ओळी पाठ. झालं! सगळ्या आयांची पळापळ. धोतर-फेट्याचा ड्रेस कुठे मिळतो, भाडं किती, डिपॉझिट परत देतात का. काल रात्री बारापर्यंत मी थर्माकोलची बैलगाडी कापत बसले होते, चाकांना सोनेरी रंग देत. पोरगी केव्हाच झोपलेली. हँड्स-ऑन ॲक्टिव्हिटी म्हणे! हँड्स सगळे माझेच.

आता ऐका. आमचं घर बेळगावच्या वडगावात. सासऱ्यांचं शिवार येळ्ळूरच्या अंगाला, बायपासला जमिनी जाण्याच्या भानगडीतून वाचलंय तेवढं. सुगी नुकतीच आटपलीय, सोप्यात भाताची पोती लागलीत, चालायला वाट नाही. भाड्याचा फेटा बघून सासरे म्हणाले, "ह्यो कशाला आणलीस गं? माझा पटका हाय की खुंटीला." काय उत्तर देणार? तुमचा मळलाय मामा, फोटोत बरा दिसणार नाही, असं? गप्प बसले.

आणि आज पोरगी स्टेजवर जाऊन 'आय ॲम अ फार्मर, आय ग्रो क्रॉप्स' म्हणून आली. टाळ्या पडल्या. घरी आल्यावर विचारलं, क्रॉप्स म्हणजे काय गं? म्हणाली, मॅमनी सांगितलं नाही. पोत्यावर बसून सांगितलं हो तिने हे!

थीम घेऊन शिकवणं वाईट, असं मी म्हणत नाहीये, कमेंटमध्ये तसं लिहू नका. मी स्वतः तशीच शिकलेय. गावच्या सरकारी मराठी शाळेत, तिसरीला. आमच्या बाईंना थीम हा शब्द माहीत असेल-नसेल. सुगी संपली की त्या आठवडाभर भाताच्याच मागे लागायच्या. गणित भाताचं, चित्र भाताचं, निबंध भाताचा. एके दिवशी कुणाच्या तरी घरून पायली, शेर, मापटं आणि चिपटं ही धान्याची जुनी मापं आणली. तांदूळ कोण सांडायला देणार, म्हणून गिरणीतून पोतंभर तूस, म्हणजे भाताची टरफलं. पडवीत आम्हाला गोल बसवलं आणि विचारलं, पायली भरायला किती चिपटी लागतील? एकजण म्हणाला दहा, एकजण पन्नास. "भरून बघा की मग!" फळ्यावर काही नाही. आम्ही भरतोय, सांडतोय, नाकातोंडात तूस, शिंका. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. सोळा चिपटी! मग भांडण लागलं, कारण एका गटाला चौदाच पुरली. बाई हसल्या. त्या गटाने प्रत्येक चिपट्याला शीग लावली होती, म्हणजे काठाच्या वर ढीग केला होता, बाकीच्यांनी वरून हात फिरवला होता. माप शिगेचं की सपाट, हे आधी ठरवायला लागतं, हे तिथे कळलं. आणि विकताना सपाट, घेताना शीग, असं करणारे कोण, यावरून दुकानदाराच्या पोराशी जी जुंपली ती वेगळीच.

हे सगळं झाल्यावर बाईंनी फळ्यावर अर्धा आणि पाव लिहिला. मापटं म्हणजे शेराचा १/२, चिपटं म्हणजे १/४. अपूर्णांकाला आमच्यातलं एकही पोर घाबरलं नाही. माझी पोरगी अजून त्या इयत्तेत नाही, पण शेजारचा चौथीतला मुलगा १/४ हा १/२ पेक्षा मोठा म्हणतो, कारण चार मोठे. त्याची शाळा महाग आहे हं.

बाई काही जगावेगळं करत नव्हत्या. बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि मग कोसबाडला आदिवासी पोरांना पानं, बिया, शिंपले घेऊनच शिकवलं. लांब कशाला, आपल्याच कर्नाटकात १९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात नलि-कली, म्हणजे 'आनंदाने शिका', ही शिकवायची पद्धत सुरू झाली. आंध्रातल्या ऋषी व्हॅली संस्थेच्या खेड्यातल्या शाळा बघून आलेल्या सरकारी शिक्षकांनीच ती उभी केली. कार्डं, गटात बसणं, ज्याने त्याने आपल्या गतीने पुढे जाणं. सरकारी शाळेत हे आहे, आणि आपण फी भरून थर्माकोल विकत घेतोय.

हो, मान्य, वेष घालून स्टेजवर गेलं की बुजरी पोरं बोलायला लागतात. आणि सरकारी शाळांत सगळं छान चाललंय असंही नाही, दोन शिक्षकांवर पाच वर्ग, त्यात सर्व्हे, पोरांना वाटायच्या अंडी-केळ्यांचा हिशोब. कळतं मला.

मुलीच्या मॅमवर तर माझा रागच नाही. बावीस-तेवीस वर्षांची पोरगी, पगार सांगायची लाज वाटावी असा. तिला वरून सांगतात, दर महिन्याला थीम झाली पाहिजे, फोटो पेजवर गेले पाहिजेत. पिवळा दिवस, आंबा दिवस, पावसाळा दिवस. पोरांनी काय केलं हे कुणी विचारतच नाही, पोरं काय घालून आली तेवढं बघतात. राग आहे तो आपल्यावर, पालकांवर. फोटो आला नाही तर ग्रुपवर बोंब मारतो आपण. उद्या त्या मॅमने पोरांना तुसात बसवलं, तर युनिफॉर्म मळला म्हणून पहिली तक्रार कोण करेल? ग्रुपमधली तीन नावं मी आत्ता सांगू शकते. जाऊ दे.

त्या थर्माकोलऐवजी भाताची एक लोंबी दिली असती प्रत्येकाच्या हातात. दाणे मोजा, शेजारणीच्या लोंबीत किती ते विचारा. बासमती आणि इंद्रायणीचे दाणे मिसळून द्या, वेगळे करू देत. थोडं भात वाटीत भिजवा, थोडं कोरडं ठेवा, मोड कशाला येतात बघा. यातलं काहीच दुकानातून आणायला लागत नाही. निदान वडगाव-शहापूर-अनगोळात तरी नाही.

तर, सोमवारी मी हेडमास्तरणींना भेटणार आहे. जानेवारीतला एक शनिवार मागणार. तूस मी आणते, सासरे येतो म्हणालेत, स्वतःचा पटका बांधून. पायली आणि शेर आमच्याकडे आहेत, मापटं आणि चिपटं नाही. कुणाच्या माळ्यावर पडलं असेल तर भंगारात घालू नका, इनबॉक्समध्ये कळवा. लाकडी, लोखंडी, काहीही चालेल. पितळी असलं तर त्याच दिवशी संध्याकाळी घासूनपुसून परत आणून देईन.